गोल्फच्या हायब्रिड क्लबच्या संचाबाबत तक्रार: चुकीची निवड, लॉफ्टमधली चूक आणि नाकारलेली बदली

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: 3, 4 आणि 5 नंबरच्या हायब्रिड क्लबचा संच बदलून मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

तुमच्याकडून घेतलेला गोल्फच्या तीन हायब्रिडचा (लांब आयर्नच्या जागी वापरायच्या क्लबचा) संच बदलून द्यायला तुमच्या कर्मचाऱ्यांनी नकार दिला आहे. कारण एका ओळीत कळवले: फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या भागावर, चेंडूचे व्रण आहेत, माल वापरलेला आहे. फोनवर तीनदा माझे म्हणणे सांगितले, पण दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावे लागले. म्हणून आता सगळे लेखी देते आहे.

मी 54 वर्षांची आहे, उजव्या हाताने खेळते, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) 19. बॅगेत ड्रायव्हर, 3 आणि 5 नंबरचे वुड, 4 ते 9 आयर्न, चार वेज (जवळच्या फटक्यांसाठी) आणि पटर. मोजून चौदा. यातले 4 आणि 5 नंबरचे आयर्न नुसते नावाला होते. 6 नंबरने माझा चेंडू हवेतून 135 यार्ड जातो, 5 नंबरने 142, आणि 4 नंबरनेही 142च. माझ्या स्विंगच्या वेगाला एवढ्या कमी लॉफ्टचा (फेसच्या तिरकेपणाचा) आयर्न चेंडू पुरेसा वर चढवतच नाही, मग अंतर वाढणार कुठून? हायब्रिड याचसाठी असतो. त्याचे वजन तळाशी आणि फेसच्या मागे असते, त्यामुळे चेंडू लवकर उठतो. रफमध्ये, म्हणजे उंच गवतात, तर फरक फारच जाणवतो. लांब आयर्नची मान गवतात अडकते आणि फेस मिटतो, हायब्रिडचा रुंद सोल (तळ) त्याच गवतावरून सरकत जातो. हे मी मैत्रिणीच्या क्लबने मारून पाहिले होते, म्हणूनच घ्यायचे ठरवले.

माझी गरज अगदी स्पष्ट होती. 6 नंबरचे आयर्न 135 यार्ड आणि 5 नंबरचे वुड 168. मधल्या 33 यार्डांत दोन क्लब बसवायचे, एक 146च्या आसपास आणि दुसरा 157च्या. तुमच्या निवड-प्रश्नावलीत हे सांगायला जागाच नव्हती. तिने चारच गोष्टी विचारल्या: वय, स्त्री की पुरुष, हँडिकॅप आणि ड्रायव्हरचे अंतर. त्यावरून तीन क्लबचा संच सुचवला, तोही ‘3, 4, 5 नंबरच्या आयर्नच्या जागी’ म्हणून. 3 नंबरचे आयर्न माझ्याकडे कधीच नव्हते. दोन काढून तीन घातले की बॅगेत पंधरा होतात. नियमाप्रमाणे फेरीत चौदाच क्लब चालतात. पंधरावा राहिला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) प्रत्येक होलला दोन फटक्यांचा दंड बसतो, फेरीत जास्तीत जास्त चार. म्हणजे तुमचा संच बॅगेत ठेवायचा तर मला एक वेज घरी ठेवावी लागणार. ग्रीनच्या आसपास माझे फटके तीच वाचवते.

आता प्रत्यक्ष क्लबबद्दल. ड्रायव्हिंग रेंजवर प्रत्येकाने वीस-वीस चेंडू मारले. 3 नंबर सरासरी 162 यार्ड, 4 नंबर 160, 5 नंबर 145. दोन क्लबमध्ये दोन यार्डांचा फरक असेल तर त्यातला एक क्लब फुकटच बाळगायचा. मला वाटले माझेच काहीतरी चुकते आहे, म्हणून क्लब दुरुस्त करणाऱ्या एका जाणकाराकडे गेले. त्याने हेड लॉफ्ट मोजायच्या यंत्रात आवळले, सोल नीट टेकवला, काटा स्थिर होईपर्यंत थांबला आणि मलाच आकडा वाचायला लावला. 3 नंबरचा लॉफ्ट 19 अंश, तुमच्या माहितीपत्रकात आहे तेवढाच. 5 नंबर 25, तोही बरोबर. 4 नंबरवर मात्र 22 छापलेले असताना भरला साडेवीस. पुन्हा लावून पाहिले, पुन्हा साडेवीस. अर्ध्या-एका अंशाचा फरक मी समजून घेतला असता. पण तीन अंशांच्या जागी दीड अंश उरला, तर दोन क्लब एकाच अंतराला जाणारच.

शाफ्टची, म्हणजे दांड्याची, गोष्ट मला जास्त लागली. माझ्या आयर्नना 95 ग्रॅमचे स्टीलचे रेग्युलर शाफ्ट आहेत आणि ते मला हाताला बसलेले आहेत. तुम्ही 50 ग्रॅमचे ‘लेडीज’ फ्लेक्सचे (जास्त लवणारे) शाफ्ट पाठवले, कारण मी ‘स्त्री’ या रकान्यात खूण केली. स्विंगचा वेग विचारला नाही, आयर्नचे शाफ्ट कोणते तेही नाही. फ्लेक्स वेगावर, टेम्पोवर आणि बाकीच्या क्लबच्या वजनावर ठरतो. पुरुष असून हळू स्विंग करणाऱ्यालाही तुमची प्रश्नावली असाच चुकीचा शाफ्ट देत असणार.

त्याचा परिणाम मी फेसवर पाहिला. पायाला मारायची पावडर फेसवर फवारली की चेंडू कुठे लागतो ते उमटते. 6 नंबरच्या आयर्नवर दहा फटक्यांचे ठसे मधोमध, रुपयाएवढ्या जागेत. तुमच्या 4 नंबरवर ते टोकापासून टाचेपर्यंत पसरलेले. हलक्या शाफ्टमुळे हेड हातात कुठे आहे हेच मला कळत नव्हते.

त्यात हेड ड्रॉ-बायसचे, म्हणजे चेंडू डावीकडे वळवणारे. ज्यांचा चेंडू उजवीकडे पळतो त्यांच्यासाठी ते चांगलेच आहे. माझा चेंडू मुळातच डावीकडे वळतो. तुम्ही एवढे जरी विचारले असते की तुमचा चुकलेला फटका कोणत्या बाजूला जातो, तरी ते हेड माझ्याकडे आले नसते. वीसपैकी तेरा चेंडू डावीकडच्या जाळीच्या दिशेने गेले.

आता व्रणांविषयी. तुमच्या खोक्यातल्या पत्रकावर लिहिले आहे की क्लब खेळून पाहा, पसंत न पडल्यास 30 दिवसांत बदलून मिळेल. मी बाराव्या दिवशी कळवले. खेळून पाहिल्यावर फेसवर व्रण उमटणारच. हायब्रिड आयर्नसारखाच किंचित खाली येत मारायचा असतो, तेव्हा सोलवरही गवताच्या रेघा येतात. चेंडूला न लावता तो जमतो की नाही हे कुणालाही सांगता येणार नाही. पत्रक खरे असेल तर हे कारण टिकत नाही.

माझी मागणी अशी आहे. 3 नंबरचा क्लब परत घेऊन त्याचे पैसे द्यावेत. 4 आणि 5 नंबर तुमच्याच सरळ फेसच्या, ड्रॉ-बायस नसलेल्या मॉडेलमध्ये, 75 ते 80 ग्रॅमच्या रेग्युलर शाफ्टसह बदलून द्यावेत. 4 नंबरचा लॉफ्ट पाठवण्याआधी मोजून आकडा लेखी कळवावा. किमतीत फरक पडला तर मी भरीन. आणि प्रश्नावलीत निदान हे तीन प्रश्न घाला: बॅगेत सध्या कोणते क्लब आहेत, त्यांची अंतरे किती, आणि चुकलेला चेंडू कुठे जातो. नंबर बघून हायब्रिड विकू नका. तुमच्या 4 नंबरचा लॉफ्ट दुसऱ्या कंपनीच्या 3 किंवा 5 नंबरएवढाही असू शकतो, खेळणाऱ्याला अंतराची जागा भरायची असते.

तुमची वुड्स मी सहा वर्षे वापरते आहे आणि ती उत्तम आहेत, म्हणूनच दुसरीकडे न जाता तुमच्याकडे आले. जाणकाराच्या मोजणीची चिठ्ठी, तिन्ही क्लबच्या अंतरांची वही-पाने आणि पावडरच्या ठशांचे फोटो सोबत जोडले आहेत. क्लब पुसून मूळ खोक्यात ठेवले आहेत. ते न्यायला माणूस कोणत्या दिवशी येईल हे पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे.

आपली,
एक ग्राहक