स्कोप बसवताना अडलेले स्क्रू

महोदय,

दुर्बीण बसवण्यासाठी रायफलच्या रिसीव्हरवरचे (नळीमागच्या मुख्य भागावरचे) छोटे स्क्रू काढताना बहुतेकजण घरातला पाचरीच्या टोकाचा पेचकस लावतात. तिथेच घात होतो. हे टोक खाचेच्या फक्त वरच्या कडेला धरते, घसरते आणि खाच चिरडते.

रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलीत हे स्क्रू ६-४८ मापाचे, म्हणजे जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाड असतात. जुने तेल, गंज किंवा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावलेला गोंद) यांमुळे ते घट्ट बसतात.

आधी मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामा असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करा, बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता दांडा) काढून बाजूला ठेवा. खाचेतली घाण टाचणीने उकरा. समांतर कडांचा, खाच पूर्ण भरणारा बिट (पेचकसाचे सुटे टोक) घ्या. भेदक तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर थांबा. तरीही हलला नाही तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक मिनिट-दोन मिनिटे स्क्रूच्या डोक्यावर धरा. थ्रेडलॉकर उष्णतेने मऊ पडतो. त्याआधी तेल पुसून घ्या. गॅसची ज्योत मात्र कधीही नको, पोलादाचे पाणी उतरते. मग बिट हातोडीने हलकेच ठोका, वरून दाबत आधी किंचित घट्ट करा, नंतर सोडवा.

डोके तुटलेच तर ड्रिल हाती न घेता परवानाधारक बंदूक-दुरुस्ती कारागिराकडे जा.

बेसचे (दुर्बीण ज्यावर बसते त्या पट्टीचे) नवे स्क्रू आवळताना १५ ते २० इंच-पौंड जोरावर थांबा. पुढचा स्क्रू लांब असेल तर बोल्ट अडतो, म्हणून प्रत्येक स्क्रूनंतर बोल्ट परत घालून काडतुसाशिवाय चालवून पाहा.

– एक नेमबाज वाचक, कोल्हापूर