बाह्यांना कापड पुरत नाही, तेव्हा…

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या शालेय स्पर्धा तोंडावर आल्या आहेत, म्हणून उंच मुलांमध्ये लपून राहणाऱ्या एका आजाराविषयी घाईने लिहितो आहे.

माझा पुतण्या नववीत, उंची १८५ सेंटिमीटर. मी जन्मभर क्रीडाशिक्षक, मला त्याच्यात फक्त व्हॉलीबॉलचा स्मॅशर दिसला. खटकले ते गुहागरच्या आमच्या शिंपीकाकांना. "गुरुजी, झिलग्याच्या बाह्यांना कापड पुरत नाही हो." घरी येऊन दोन्ही हात पसरून मोजले, तर १९७ भरले. अंगठा मुठीत दाबला की नखासकट करंगळीच्या बाजूने बाहेर येई. ही गंमत आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवत असू!

चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी वाढत होता. चिपळूणच्या डॉक्टरांनी थेंब घालून पाहिले, तेव्हा डोळ्यातले भिंग वर सरकलेले निघाले. त्यांनी चष्मा राहू दिला आणि हृदयाची 'इको' ही तपासणी लिहून दिली. त्यासाठी कुंभार्ली घाट चढून कोल्हापूर गाठावे लागले. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, मुळाशीच फुगलेली, ४.४ सेंटिमीटर. फुगलेली महाधमनी आणि सरकलेले भिंग, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की निदान होते: मार्फान सिंड्रोम. साधारण पाच हजारांत एकाला होणारा हा आजार. एका जनुकातल्या दोषामुळे फायब्रिलिन हे प्रथिन नीट बनत नाही आणि शरीराचे सांधणारे धागे कच्चे राहतात, कच्च्या काथ्याच्या सुंभासारखे.

त्याचे वडील, माझा धाकटा भाऊ, ऐन गणपतीत गेला. वय ३९. छातीतून पाठीत काहीतरी फाटत गेल्यासारखी कळ, आणि तासाभरात सारे संपले. आम्ही 'अटॅक' म्हटले, वाडीत काहींनी देवाचा कोप काढला. आता वाटते, त्यालाही हेच असावे. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून पुतण्याच्या बहिणीचीही इको केली. ती ठीक आहे. मात्र सुमारे चौथाई रुग्णांच्या घरात आधी कोणालाच हा आजार नसतो, तेव्हा 'आमच्यात नाही' म्हणून सोडून देऊ नये.

आता रोजची गोळी, दरवर्षी इको आणि व्हॉलीबॉल बंद. पोरगा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ साली जपानमध्ये सामन्यातून बदली होऊन बाकावर बसली आणि तिथेच कोसळली, ३१व्या वर्षी. महाधमनी फाटली होती, कारण हेच. मी तिचे नाव मुलांना सांगत आलो, कारण मात्र कधी सांगितले नव्हते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, उंची-वजन घेते. उंच, सडपातळ आणि जाड चष्म्याच्या मुलांचे पसरलेले हातही त्याच वेळी मोजावेत. ते उंचीच्या १.०५ पटीहून जास्त भरले, की डॉक्टरांकडे पाठवावे. प्रत्येक उंच मूल आजारी नसते, हे मलाही कळते. पण एवढे मोजायला मिनिटही लागत नाही.

स्पर्धेला पुतण्या गुणलेखक आहे. त्याच्या टेबलाशी मी टेप घेऊन बसणार आहे. इतर शाळांच्या शिक्षकांनी आपली उंच मुले जरूर घेऊन यावीत.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, ता. गुहागर