बाबा, माळ्यावरची कॅलेंडरं खाली काढा

आयोवा सिटी, नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, तरी हे पत्र लिहितेय. फोन आईच्या हातात असतो, बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि बोलणं "जेवलीस काय, थंडी किती हाय" एवढ्यावरच संपतं. त्यात इथं थंडी लागली की सगळी घड्याळं तासभर मागं करतात. आपल्यातलं साडेदहा तासांचं अंतर आता साडेअकरा झालंय. मी सकाळी आठला फोन करायचा म्हणजे तिकडं संध्याकाळचे साडेसात, आणि साडेसातला आईची मालिका. तेव्हा पत्रच बरं. तुमचा नातू मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून देईल.

आई म्हणत होती, गंगावेशीत जो तो बाबांना विचारतोय, "पोरगी अमेरिकेतच राहणार म्हणं?" त्यांना सरळ सांगा, नाही. मी इथं नोकरीला आलेली नाही आणि डिग्री घ्यायलाही नाही. कॉलेजातून रजा घेऊन फुलब्राइट-नेहरू फेलोशिपवर, म्हणजे भारत-अमेरिकेनं मिळून दिलेल्या अभ्यासवृत्तीवर, आलेय. त्या रजेची फाईल किती टेबलांवर झोपली ते तुम्ही पाहिलंच आहे, त्यावर पुन्हा रक्त आटवत नाही. फुलब्राइटचा हा करार दोन्ही सरकारांमध्ये १९५० साली झाला आणि २००८ पासून आपलं सरकारही यात बरोबरीनं पैसे घालतं. म्हणून तर फेलोशिपच्या नावात नेहरू आले. इथं मला बसायला टेबल, लायब्ररीचं कार्ड आणि इथल्या लोकांसोबत काम करायची मुभा आहे. त्यांचं मी शिकायचं, आपल्याकडचं त्यांना सांगायचं.

आणि आई, हे नीट वाच. माझ्या जे-१ व्हिसाला, म्हणजे अशा देवाणघेवाणीसाठी येणाऱ्यांच्या व्हिसाला, अट आहे की मुदत संपली की आधी मायदेशी दोन वर्षं काढायची. त्याशिवाय इथला नोकरीचा एच व्हिसाही नाही आणि ग्रीन कार्डही नाही. म्हणजे मला राहायचं म्हटलं तरी हेच लोक घालवून देतील. विम्याचं विचारत होतीस. एका आजारपणाला किमान एक लाख डॉलरचा विमा या व्हिसावर असावाच लागतो, आणि तो आहे. नवऱ्याला नि पोराला कुटुंबासाठीच्या जे-२ व्हिसावर आणता आलं असतं, पण पोराचं दहावीचं वर्ष कशाला मोडायचं? शिवाय तो तुमच्याकडं जेवायला आहे, त्यात तुझे आणि त्याचे दोघांचेही लाड होतायत हे मला कळतंय.

आता बाबांच्या कामाचं.

इथली आयोवा नदी विद्यापीठाच्या मधूनच जाते. २००८ च्या जूनमध्ये ती अशी चढली की वरच्या कोरलव्हिल धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहिलं. शहरात पातळी ३१.५३ फुटांवर गेली. लायब्ररीच्या तळघरातली पुस्तकं लोकांनी रांगेत उभं राहून हातोहात वर चढवली. नदीकाठचं हँचर नाट्यगृह एवढं खराब झालं की ते पाडावं लागलं. नवं २०१६ मध्ये जवळच, पण उंचावर बांधलं. या सांडव्यावरून १९९३ मध्येही पाणी गेलं होतं. असा पूर आयुष्यात एकदाच, असं तेव्हा लोक म्हणाले असणार. आपणही २००५ नंतर हेच म्हणत होतो की! पुढं २०१९ आणि २०२१ नं काय केलं ते कोल्हापूरला विचारा.

२००९ साली इथं पूर केंद्र निघालं. त्यांनी राज्यभरातल्या पुलांना पेट्या लावल्यात. मी एक जवळून पाहिली. कठड्याला बाहेरून लटकवलेली, वर लहानशी सौर पट्टी. आतलं यंत्र खाली पाण्याकडं आवाजाच्या लहरी सोडतं, त्या परत यायला लागलेल्या वेळावरून पाणी किती खाली आहे ते काढतं आणि मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवतं. पाण्यात काहीच बुडवायचं नाही, त्यामुळं वाहून आलेल्या ओंडक्याची भीती नाही. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला हे सांगताना मला मजा येतेय. आकडे सगळ्यांना खुले असतात.

पण मला खरं आवडलं ते त्यांचे नकाशे. नदी इतके फूट झाली की पाणी कुठल्या रस्त्यावर येईल, हे फुटाफुटानं रंगवलेलं. आपल्याकडं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे पोरासोरांनाही पाठ असतं. पण ४३ झाले म्हणजे आपल्या गल्लीत पाणी कुठवर, हे कुणी सांगायचं?

परवा माझं व्याख्यान झालं. इथं दुपारच्या व्याख्यानाला लोक डबा घेऊन येतात. आपण महापुराबद्दल बोलतोय आणि समोरचा सँडविच खातोय. मला आधी रागच आला. नंतर त्याच सँडविचवाल्या प्राध्यापकांनी नेमका हाच प्रश्न विचारला. मी म्हणाले, माझ्या वडिलांकडं उत्तर आहे. पावसाळ्यात ते रोज कॅलेंडरच्या चौकोनात बंधाऱ्याचे फूट लिहितात आणि त्याखाली "गिरणीची दुसरी पायरी, स. ७" असं लिहून ठेवतात. सगळी खोली हसेल असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, किती वर्षांचं आहे? आणि ते पाहायला कधी मिळेल?

तर बाबा, माळ्यावरची कॅलेंडरं काढा. आई दर दिवाळीला रद्दीत घालायला निघायची, या वेळी घातली नसतील अशी आशा आहे. जून ते सप्टेंबरची पानं, मागची बाजूही, उजेडात ठेवून नातवाकडून फोटो काढून घ्या. शिडीवर तुम्ही चढायचं नाही, त्याला चढवा. बाडाची गाठ सोडताना वर्षांचा क्रम मोडू देऊ नका. अक्षर लागत नसेल तिथं तुम्ही सांगा आणि त्याला वहीत उतरवू दे. गिरणी बंद झाली असली तरी पायरी अजून आहे ना? तिची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजून पाठवा, सेंटिमीटरमध्ये. हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळालं तर फार बरं होईल.

आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का ते फोनवर टाळू नकोस.

तुमची,
ताई