पेपरसोबत डेटाची फाइलही द्या

संपादक साहेब, स.न.वि.वि.

पेपर एकदा छापून आला की त्यातली चूक काढणं म्हणजे लेखकाचा अपमान असं बऱ्याच जणांना वाटतं, मला हे अजिबात पटत नाही. २०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी लिहिलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्का होतो, मग काय, खर्च कापा म्हणणारे नेते हाच पेपर दाखवायला लागले. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यानं क्लासच्या असाइनमेंटसाठी तेच गणित करून बघितलं तर जुळेचना, शेवटी लेखकांकडूनच एक्सेल फाइल मागवली, बघतो तर सरासरीचा फॉर्म्युला ४९ ऐवजी ४४व्या ओळीला थांबलेला, ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क पाचही देश बाहेर! ही चूक, वगळलेली काही वर्षं, वेटेज (म्हणजे सरासरीत कुठल्या देशाला किती वजन द्यायचं ते) सगळं दुरुस्त करून त्याचा वाढीचा आकडा आला अधिक २.२ टक्के. लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली आणि मुळात फाइल दिली म्हणूनच ती सापडली. आपल्या विद्यापीठांनीही पेपरसोबत डेटा ठेवणं कम्पल्सरी करावं, आणि पीएचडीच्या मुलांना जुने पेपर तपासायला द्यावेत.

एक वाचक, नाशिक