नेलपॉलिश रिमूव्हरचा तो उपाय मागे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागच्या महिन्यात एक चौकट आली होती. प्लॅस्टिकवरचे मार्करचे डाग नेलपॉलिश रिमूव्हरने चुटकीसरशी घालवा, असं तीत म्हटलं होतं. सूनबाईंनी ते कात्रण फ्रिजवर लावलं आणि आमच्या नातवाने ते वाचून आपल्या खेळाच्या चटईवर करून पाहिलं. डाग फिकट झाला, हे कबूल. पण त्याबरोबर खालचे छापील चौकोनही पुसले गेले आणि ती जागा चिकट होऊन पापडासारखी आक्रसली.

चटई कसली, तेही सांगतो. नातू आणि त्याचे चार मित्र दर शनिवारी आमच्या धरमपेठेतल्या घरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. खेळ अमेरिकेतला, १९७४ सालचा. मला त्यातलं एवढंच कळतं, की एकजण गोष्ट रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि फासे वीस बाजूंचेही असतात. गुहा, भिंती, नदी हे सगळं ते व्हिनाइलच्या चटईवर मार्करने काढतात, खेळ संपला की पुसतात. चटईवर एकेक इंचाचे चौकोन छापलेले असतात. खेळात एक चौकोन म्हणजे पाच फूट. पोट्ट्याने मुंजीतल्या पाकिटांचे पैसे जपून ती मागवली होती.

मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो, म्हणून गप्प बसवत नाही. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेट असतं. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते मुळात कडक, नळाच्या पाइपासारखं. चटईला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट प्लास्टिसायझरमुळे. ॲसिटोन पीव्हीसीला फुगवतं, प्लास्टिसायझर ओढून घेतं आणि छपाईची शाई विरघळवतं. रॉकेल, पेट्रोल, थिनर हेही चटईचे मित्र नव्हेत.

डाग हट्टी होतो तोही या मऊपणामुळेच. शाईतला रंग वर बसून राहत नाही, हळूहळू व्हिनाइलच्या आत झिरपतो. लाल सगळ्यात खोडकर. आमच्याकडे नातवाने लाल रंगात लाव्हारसाची नदी काढली, न पुसताच चटई गुंडाळली आणि उन्हाळ्याच्या सुटीत मामाकडे निघून गेला. चटई पंधरा दिवस माळ्यावर, वर पत्रा, बाहेर ४५ अंश! उष्णतेने रंग आणखी खोल जातो. उलगडली तेव्हा नदी मागच्या बाजूलाही उमटलेली होती. म्हणजे पहिली चूक घरचीच, आपल्या चौकटीने तीवर कळस चढवला.

दुकानात तीन प्रकारचे मार्कर मिळतात आणि आपण तिन्हींना 'स्केचपेन' म्हणून मोकळे होतो. एक पर्मनंट. दुसरा व्हाइटबोर्डचा, कोरड्या डस्टरने पुसला जाणारा. तो गुळगुळीत फळ्यासाठी ठीक, मऊ व्हिनाइलवर मात्र रुतून बसतो. तिसरा पाण्याने पुसणारा, तोच चटईसाठी. आमच्या विभागात ओव्हरहेड प्रोजेक्टर होता तेव्हा एक सर पारदर्शक कागदावर याच पेनाने समीकरण लिहायचे, चुकलं की अंगठा जिभेला लावून पुसायचे. तास संपेपर्यंत अंगठा निळा. हा पेन मागायला मी सीताबर्डीवर तीन दुकानं फिरलो. तिसऱ्यात मिळाला, पण ओएचपी, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरचा, पेन पर्मनंटही येतो आणि दिसायला तसाच असतो. म्हणून दुकानातच प्लॅस्टिकच्या तुकड्यावर रेघ मारा आणि मिनिटभराने बोट फिरवा. कोरड्या बोटाने गेली तर व्हाइटबोर्डचा, ओल्या बोटाने गेली तरच आपला, कशानेच गेली नाही तर परत द्या. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

डाग पडलाच, तर आधी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडक्याने. पर्मनंट मार्कर असेल, तर त्या रेघेवरूनच व्हाइटबोर्डचा मार्कर फिरवायचा आणि ओला असतानाच पुसायचा. त्यातल्या द्रावकाने खालची शाई सुटते. तरीही राहिलं तर औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. करोनाच्या काळातली पातळ सॅनिटायझरची बाटली घरी पडून असेल तर तीही चालते, जेल नको. आधी मागच्या बाजूच्या कोपऱ्यावर करून पाहा. कापसाचा बोळा ओला करून डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपायचा. प्रत्येक वेळी बोळ्याची नवी बाजू घ्यायची, नाहीतर काढलेला रंग आपणच परत सारवतो. काही सेकंदांत ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, कारण अल्कोहोलही फार वेळ राहिलं तर प्लास्टिसायझर ओढतंच. हे सगळं गॅसच्या शेगडीपासून लांब आणि खिडक्या उघडून. टूथपेस्ट आणि तारेची घासणी चौकोनांसकट सगळं खरवडतात. तो पांढरा 'मॅजिक' स्पंजही बारीक सँडपेपरच समजा, अगदी शेवटी आणि हलक्या हाताने.

मागच्या बाजूची नदी मी याच पद्धतीने तीन बैठकांत काढली. पुसटशी गुलाबी झाक उरली आहे, ती जाणार नाही. पुढच्या बाजूला जिथे चौकोन उडाले, त्या जागेला पोरांनी गोरेवाडा तलाव असं नाव दिलंय. तिथे पाय पडला की पात्र बुडतं म्हणे.

आपल्या पुरवणीत त्या चौकटीची दुरुस्ती तेवढ्याच आकारात छापावी, ही विनंती. आमच्या फ्रिजवरचं कात्रण मी काढलं आहे, इतरांच्या फ्रिजवर ते अजून असेल.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
धरमपेठ, नागपूर