अटॅचमेंट उघडत नाही अन् बोलणी खाते ग्रामपंचायत

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईच्या याद्या सुरू झाल्या की आमच्यासारख्या ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाचं एकच रडगाणं असते, मेल आला पण फाईल उघडून नाही राहिली. वरून फोन येते, यादी दुपारपर्यंत बोर्डावर लावा. इकडं ओट्यावर शेतकरी बसून राहते, "माह्यं नाव आलं का बा?" अन् आम्ही स्क्रीनकडं पाहत बसतो. साहेब लोकांचं उत्तर ठरलेलं, तुमचा कॉम्प्युटर जुना आहे. जुना आहे, मान्य, पण दरवेळी दोष आमच्या डब्याचाच असते असं नाही, पाठवणाऱ्यानं फाईल कशी बनवली कशी पाठवली यावर लय काही अवलंबून असते अन् ते कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

सगळ्यात मोठी डोकेदुखी फॉन्टची. यादी अजूनही कृतीदेव नावाच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप होऊन येते. कृतीदेवमध्ये 'ग्राम' लिहिलं तर फाईलीत खरं म्हणजे एक्स, झेड, के, ई ही चार इंग्रजी अक्षरं साठवलेली असते, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देते. ज्या कॉम्प्युटरात तो फॉन्ट नाही तिथं ती इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी उघडी पडते, मग एखाद्याचं नाव अर्धविरामापासून सुरू होते अन् ब्रॅकेटमध्ये संपते. मागच्या हंगामात एका म्हाताऱ्या बाबांना मी तशी यादी स्क्रीनवर दाखवली तर ते म्हणे, "हे तं इंग्रजी आहे, माह्यं सातबाऱ्यावर मराठीत नाव आहे." आता त्यांना काय सांगणार. अशा वेळी फाईल खराब झाली म्हणून परत परत डाउनलोड करण्यात काही अर्थ नसते. पाठवणाऱ्याकडून त्याच फॉन्टची फाईल मागवायची, त्यावर राईट क्लिक करून इन्स्टॉल करायचं, एक्सेल बंद करून परत उघडायचं, नावं जागेवर येते. पण फॉन्ट तोच पाहिजे बरं, कृतीदेवच्या जागी शिवाजी नावाचा फॉन्ट टाकला तर तिसराच गोंधळ. नेटवर कृतीदेवचं युनिकोड (म्हणजे वेगळा फॉन्ट न टाकता मराठी दिसते ती पद्धत) करून देणाऱ्या साईट आहेत, त्या चालतेही, फक्त आधार अन् बँक खात्याचे नंबर असलेली अख्खी यादी तिथं पेस्ट करू नका, नावाचा कॉलम तेवढा घ्या अन् जोडाक्षरं एकदा नजरेखालून घाला. केंद्र सरकारनं २००९ मध्येच ई-गव्हर्नन्ससाठी भारतीय भाषांकरता युनिकोड हे स्टँडर्ड ठरवून दिलं, मंगल फॉन्ट विंडोजमध्ये फुकट येते, तरी टायपिंगची सवय कृतीदेवची आहे म्हणून सगळ्या गावांनी फॉन्ट शोधत फिरायचं हे काही पटत नाही.

दोष आपला का त्यांचा हे पाहायची माझी सोपी रीत आहे. तोच मेल मोबाईलवर उघडायचा. मोबाईलवर फाईल नीट दिसली तर गडबड आपल्या कॉम्प्युटरात, तिथंही नाही उघडली तर बहुतेक पाठवणाऱ्याकडंच काहीतरी चुकलं असते. आपल्या बाजूची असली तर आधी साईज पाहा, मेलमध्ये दोन एमबी लिहून आहे अन् डाउनलोडमध्ये शून्य केबी किंवा नावाच्या शेवटी सीआरडाउनलोड असं काही दिसते, तर समजायचं मधातच लाईन गेली नाहीतर नेट तुटलं. ती अर्धी फाईल डिलीट करून परत उतरवायची, अर्ध्या फाईलवर कितीही डबल क्लिक केलं तरी ती उघडत नसते. अन् ऑफिस २००३ असन तर नव्या वर्ड-एक्सेलच्या फाईली, म्हणजे ज्यांच्या शेवटी डॉकएक्स किंवा एक्सएलएसएक्स असते त्या, तशा उघडतच नाही, कारण हे फॉरमॅट ऑफिस २००७ पासून आले. त्यासाठी पायरेटेड सीडी शोधू नका, लिब्रेऑफिस फुकट आहे, ते दोन्ही उघडते.

एक पीडीएफ तर अशी येते की उघडल्यावर इंग्रजीत फक्त "प्लीज वेट" दिसते. अन् आपले लोकं खरंच थांबते! आमच्या बाजूच्या गावचा परिचालक चहा पिऊन आला तरी प्लीज वेटच. तो फॉर्म ॲडोबीच्या एका खास पद्धतीनं बनवलेला असते, क्रोममध्ये तो दिसतच नाही, मोबाईलवरही नाही, कितीही थांबा. फाईल आधी सेव्ह करायची, मग कॉम्प्युटरातल्या ॲडोबी रीडरमधून उघडायची, की लगेच फॉर्म समोर येते. एवढं एक वाक्य मेलमध्ये लिहायला कोणाचं काय जाते?

गूगल ड्राईव्हच्या लिंकचं वेगळंच. जीमेलवर पंचवीस एमबीच्या वरची फाईल अटॅच होत नाही, ती ड्राईव्हची लिंक म्हणून जाते. पाठवणाऱ्यानं परवानगी दिली नाही तर आपल्याला "रिक्वेस्ट ॲक्सेस" दिसते, आपण ते बटन दाबतो, अन् ती रिक्वेस्ट जाते कोण्या ऑपरेटरच्या स्वतःच्या जीमेलवर अन् तो ऑपरेटर असते इलेक्शन ड्युटीवर. याच्यावर "लिंक असन त्या सगळ्यांना खुली करा" असंही मी म्हणणार नाही, कारण त्या यादीत लोकांचे खाते नंबर असते. ग्रामपंचायतीचा मेल आयडी आहे ना, त्यालाच परवानगी द्या, दोन मिनिटांचं काम आहे.

झिप फाईलमध्ये, म्हणजे लय फाईली एकत्र बांधून पाठवते त्यात, फसगत वेगळी. लोकं झिपच्या आत जाऊन तिथूनच एक्सेल उघडते, दिवसभर माहिती भरते, सेव्ह करते अन् दुसऱ्या दिवशी सगळं गायब, कारण उघडलेली असते टेम्परवारी कॉपी. आधी एक्स्ट्रॅक्ट ऑल करायचं, मग काम. आता हेच एक्स्ट्रॅक्ट कधीकधी एरर देते, त्याचं कारण ऐकून हसाल. विंडोजमध्ये फोल्डर धरून फाईलच्या पूर्ण नावाला साधारण २६० अक्षरांची मर्यादा असते, अन् आपल्याकडं फाईलचं नाव म्हणजे पत्राचा अख्खा विषय, त्यात महिना, तालुका, "सुधारित", "अंतिम", परत "अंतिम दोन". झिप डेस्कटॉपवरून उचलून सरळ डी ड्राईव्हवर ठेवायची, तिचं नाव छोटं करायचं अन् मग उघडायची, होऊन जाते.

विनमेल डॉट डॅट नावाची फाईल आली तर तुमच्या कॉम्प्युटरचा काहीच संबंध नाही. पाठवणाऱ्यानं आउटलूकवरून रिच टेक्स्ट प्रकारात मेल पाठवला की दुसऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये कधीकधी खरी अटॅचमेंट त्या डॅट फाईलीत गुंडाळून येते. त्यांनाच सांगा, आउटलूकच्या ऑप्शनमध्ये मेलचा प्रकार एचटीएमएल करा अन् परत पाठवा.

हे सगळं राहते बाजूला अन् तालुक्याचा मेकॅनिक येऊन म्हणते, विंडोज मारावं लागन, म्हणजे सगळं पुसून नव्यानं टाकावं लागन. विंडोज मारलं, पैसे गेले, डेस्कटॉपवरच्या घरपट्टीच्या फाईली गेल्या, अन् ती यादी काही उघडली नाही, कारण जो फॉन्ट होता तोही उडाला! म्हणून सरपंच-सचिवांना सांगणं आहे, फाईल एक उघडत नाही म्हणून फॉरमॅट मारू देऊ नका.

गावातले लोकं स्वतःचा ई-आधार घेऊन येते, "हे पासवर्ड मांगून राहिलं." त्याचा पासवर्ड ठरलेला असते, आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये अन् पुढं जन्माचं साल.

अन् जी फाईल उघडत नाही ती काही वेळा न उघडलेलीच बरी. नाव पीडीएफ दिसते पण शेवटी ईएक्सई असते, म्हणजे तो प्रोग्रॅम असते, विंडोज ते शेपूट लपवते, म्हणून एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन दिसन असं करून ठेवा. एक्सेलमध्ये पिवळी पट्टी येते तिथं ओळखीच्या ऑफिसची यादी असन तर एनेबल एडिटिंग ठीक, पण एनेबल कंटेंट म्हटलं की हात आवरा, अन् व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावानं एपीके, म्हणजे ॲपची फाईल, आली तर ती इन्स्टॉल करूच नका. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा.

वरच्या ऑफिसांना आमचं मागणं फार मोठं नाही. बोर्डावर लावायची यादी युनिकोडमध्ये टाईप करून साध्या पीडीएफमध्ये पाठवा, माहिती भरून पाहिजे असन तरच एक्सेल द्या. तारीख अन् मुख्य सूचना अटॅचमेंटमध्येच न ठेवता मेलमध्येही दोन ओळी लिहा, म्हणजे फाईल नाही उघडली तरी बैठक कधी आहे ते तरी कळन. अन् खाली फाईल ज्यानं बनवली त्याचा ऑफिसचा फोन नंबर द्या, साहेबांचा नको, साहेबांना कृतीदेव विचारून काही उपयोग नसते.

आपला,
एक संगणक परिचालक, ग्रामपंचायत
(जि. यवतमाळ)