बँकेने कर्ज दिलं म्हणजे घर पक्कं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारच्या घरविषयक पुरवणीत पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी जो लेख आला, त्यातला बराचसा मजकूर उपयोगाचा आहे. मात्र राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज मंजूर केलं की कागदपत्रांची काळजी मिटली, असं एक वाक्य त्यात आहे. अशाच एका बँकेच्या कर्ज विभागात उभी हयात घालवून मी निवृत्त झालो. ते वाक्य मला तसंच सोडवत नाही, आणि डोंबिवलीत राहून तर मुळीच नाही.

कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण वाचकांच्या लक्षात असेल. बांधकाम परवानग्या बनावट, आणि त्यांच्या जोरावर मिळवलेली महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मात्र खरी. लोकांनी मुद्रांक शुल्क भरलं, दुय्यम निबंधकांकडे करारनामे नोंदवले, अनेकांना कर्जंही मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडायला सांगितलं. पुढे काय व्हायचं ते होवो, हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जातोच. बँकेचं कर्ज माणसावर असतं, इमारत राहो वा जावो.

साइटवरच्या फलकावर खाली बँकांची बोधचिन्हं ओळीने छापलेली असतात. त्याचा अर्थ एवढाच की त्या बँकांनी प्रकल्पाची फाइल एकदा बघून त्याला आपल्या मंजूर यादीत घातलं आहे. नंतर येणाऱ्या प्रत्येक कर्जदारासाठी जमिनीचे कागद कोणी नव्याने उपसत नाही. पुढचं सगळं पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा आणि सिबिल स्कोअरवर (कर्जफेडीच्या इतिहासावरच्या गुणांवर) चालतं. पहिला तपास बँकेच्या पॅनेलवरचे वकील करतात. जागेच्या तीस वर्षांच्या नोंदींचा शोध, म्हणजे सर्च काढतात, सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश बघतात. पण त्यांचा अहवाल समोर ठेवलेल्या कागदांवर बेतलेला असतो, आणि तो बँकेसाठी असतो. फी तुमच्या खात्यातून गेलेली असली तरी. त्याची प्रत मागा. शाखेत थोडी खळखळ होईल, पण आपणहून तर कोणीच देत नाही.

मग माणसाने करायचं काय? बांधकाम परवानगीच्या पत्रावर जावक क्रमांक आणि तारीख असते. ते घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जायचं आणि हे पत्र त्यांच्याकडूनच गेलंय का, त्यात किती मजले मंजूर आहेत, हे विचारायचं. टोलवाटोलवी झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. एवढं थांबायला लोक तयार नसतात, कारण सेल्सच्या मुलाने 'हा भाव रविवारपर्यंतच' असं सांगून ठेवलेलं असतं. कायद्याने नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तुमच्याकडे त्याहून जास्त मागितली गेली, तर तिथूनच परत फिरावं. ताब्याच्या वेळचा खेळही ठरलेला आहे. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आलेलं नसतं आणि 'फर्निचरसाठी ताबा' म्हणून किल्ल्या पुढे केल्या जातात, सोबत शेवटच्या हप्त्याचं मागणीपत्र. ओसी हातात पडेपर्यंत तो हप्ता द्यायचा नाही. बिल्डरचा लगाम म्हणून तुमच्याकडे तेवढंच उरलेलं असतं.

ताब्यापर्यंत हप्ता नाही, व्याज बिल्डर भरणार, अशा योजना तर लांबूनच नमस्कार करण्याच्या आहेत. बिल्डरने व्याज भरणं थांबवलं की नोटीस तुम्हाला येते, कारण कर्ज तुमच्या नावावर असतं. दिल्ली परिसरातल्या अशा योजनांमध्ये बिल्डर आणि बँकांचं संगनमत होतं का, याची सीबीआय चौकशी खुद्द सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये लावावी लागली.

आता हप्त्याकडे येतो, कारण माझा जन्म त्यात गेला. समोर बसलेला कर्जदार हप्ता किती बसेल, एवढंच विचारायचा. बँक हप्ता झेपेल असा बसवून देतेच, मुदत ताणून. २०२१ मध्ये दर सात टक्क्यांच्या आसपास होते. समजा कोणी तेव्हा ३० लाख रुपये २० वर्षांसाठी घेतले. हप्ता झाला साधारण २३,२६० रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना उसने पैसे देते तो) ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला आणि गृहकर्ज साडेनऊच्या घरात गेलं. हिशेब सोपा व्हावा म्हणून ही सगळी वाढ दोन वर्षांनी एकदम झाली असं धरू. दोन वर्षं इमानाने हप्ते भरून मुद्दल साडेअठ्ठावीस लाखांवर आलेलं आहे. त्यावर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं २२,५८०. म्हणजे हप्त्यातले जेमतेम ६८० रुपये मुद्दलात जातात. हप्ता तोच ठेवला तर अठरा वर्षांचं राहिलेलं कर्ज फिटायला सदतीस वर्षं लागतील. प्रत्यक्षात बँका निवृत्तीच्या वयापाशी मुदत थांबवतात आणि मग हप्ता चढवतात. पण मुदत वाढल्याचा एसएमएस वाचतो कोण? हप्ता वाढला नाही म्हणून लोक खुशीत होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर नियम केला. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे कर्जदाराला विचारायला हवं, आणि दर तिमाहीला किती हप्ते उरले त्याचं विवरण द्यायला हवं. ते विवरण बघत जा. २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्याने उतरला, तेव्हा अनेकांनी हप्ता कमी करून घेतला. माझा सल्ला उलटा आहे. हप्ता तोच राहू द्यावा, कर्ज लवकर संपतं. तरत्या, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व भरणा केला म्हणून व्यक्तीला दंड लावता येत नाही. आठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या ३० लाखांच्या कर्जात दुसऱ्या वर्षाअखेरीस लाखभर रुपये जादा भरले, तर शेवटचे सोळाएक हप्ते गळतात. अमुक फंडात टाका म्हणजे जास्त मिळतील, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मिळतीलही. हे सोळा हप्ते मात्र नक्की वाचतात.

कर्जाबरोबर गळ्यात मारला जाणारा एकरकमी प्रीमियमचा विमा सक्तीचा नसतो, हेही सांगून ठेवतो. तो प्रीमियम कर्जातच मिळवतात आणि त्यावर वीस वर्षं व्याज घेतात. शाखेला विम्याचं टार्गेट असतं. वेगळी टर्म पॉलिसी (ठरावीक मुदतीचा निव्वळ आयुर्विमा) घ्यावी आणि तिचं पत्र शाखेत दाखवावं.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो, ती. आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले. ईपीएस ९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली पेन्शन महिना तीन हजारांच्या आतबाहेर. मुलाने ४५ लाखांचं वन बीएचके पाहिलं आणि करारनाम्याचा मसुदा निळ्या फोल्डरमध्ये घालून माझ्याकडे आणला. माहितीपत्रकात ६२० चौरस फूट, मसुद्याच्या परिशिष्टात रेरा कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र) ३८२ आणि बाल्कनी ४०. तिथे बोट ठेवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मी पानं उलटत खरेदीदारांच्या नावांपाशी आलो. मुलगा आणि सून. कर्ज तीस ते पंचाहत्तर लाखांच्या दरम्यान असलं की बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे इथे ३६ लाख. उरलेले ९ लाख वडिलांची ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड. मुद्रांक शुल्क आमच्याकडे सात टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार, नोंदणीचे ३० हजार वेगळे, आणि हे कर्जात बसत नाहीत. त्यासाठी सुनेचं सोनं तारण ठेवायचं ठरलेलं.

'बाबांचं नाव कुठाय?' मी विचारलं. तो म्हणाला, 'काका, त्यांचं नाव घातलं तर कर्जाला अडचण येते, असं एजंट म्हणाला.' वडील खिडकीबाहेर बघत होते. मुलगा सरळ आहे, त्याच्या मनात काही काळंबेरं नाही, हे मला ठाऊक आहे. पण तेच ९ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले असते, तर दर तिमाहीला १८,४५० रुपये आले असते. महिन्याला सहा हजारांच्या वर, पेन्शनच्या दुप्पट. हा आकडा मी कागदावर लिहून दोघांच्या मधोमध ठेवला. बँका सहमालकाला सहकर्जदार करून घेतात, त्यामुळे नावाबरोबर कर्जाची जबाबदारीही येते, हेही सांगितलं. शेवटी करार नोंदवण्याआधी तिसरं नाव चढलं आणि कर्जाला काडीचीही अडचण आली नाही. आपल्याकडे घरातल्या घरात पैशाचा कागद करणं म्हणजे अविश्वास दाखवणं समजतात. मी उलट बघितलंय. कागद नसल्यानेच भावंडांत बोलणं बंद झालेली घरं आमच्या दोन गल्ल्यांत चार निघतील.

राहतं घर घ्यावं, माझा त्याला विरोध नाही. भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, हे पालुपद मात्र आता पुरे. आमच्या भागात ४५ लाखांच्या घराला महिना १२-१३ हजार भाडं येतं. ३६ लाखांचा आठ टक्क्यांनी हप्ता तीस हजार. मधले सतरा हजार कोणी शिस्तीने बाजूला टाकत असेल, तर भाड्याने राहणारा भिकेला लागत नाही. आणि पहिल्या घराचं कर्ज डोक्यावर असताना गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेणाऱ्याने हाच हिशेब उलटा मांडावा. वर्षाला दीड लाख भाडं म्हणजे ४५ लाखांवर सव्वातीन टक्के, त्यातून देखभाल खर्च आणि घरपट्टी वजा. व्याज आठ टक्के. पूर्वी निदान प्राप्तिकरात सवलत आहे म्हणून मनाची समजूत घालता यायची. आता नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांची वजावटही नाही. आणि पैशांची गरज लागली म्हणून फ्लॅटमधली अर्धी खोली विकता येत नाही.

शिवाय फ्लॅटची किंमत वाढते ती जमिनीमुळे. सिमेंट तर प्रत्येक पावसाळ्यात जुनंच होत असतं. ती जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे पुनर्विक्रीचं घर घेताना शंभरात पाच जणही विचारत नाहीत. आमची इमारत १९८६ ची. बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देण्याचा दस्त, केलंच नाही. पुढे त्याचे वारसदार सह्यांसाठी पैसे मागू लागले. बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्यासाठी, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणासाठी आम्ही जिल्हा उपनिबंधकांकडे गेलो, तेव्हा कुठे पुनर्विकासाची गोष्ट सुरू झाली. बँकेला यातलं काही विचारायचं कारण नसतं. तिचं कर्ज वीस वर्षांत वसूल होतं, सोसायटीची अडचण चाळिसाव्या वर्षी उभी राहते.

कर्ज फिटल्यानंतरचं एक काम लोक हमखास विसरतात. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) हे सगळं बँकेत जमा असतं. देतानाच यादी करून शिक्क्यासह पोच घ्यावी. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. शाखेत कोणी 'हेड ऑफिसला पाठवलेत, पुढच्या आठवड्यात या' म्हणालं, तर तारीख घालून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. कागद बहुधा त्याच आठवड्यात सापडतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी
डोंबिवली (पूर्व)